नॉर्वेजियन अन् माल्टीज भाषा शेजारी ठेवून कशा पाहायच्या

भाचा दोन महिन्यापासून मोबाईलवर बसून रायला, एक एजंट म्हणते माल्टाले चल, एक दोस्त म्हणते नॉर्वे पाहा, अन् पोट्ट्याचा प्रश्न एकच, मामा यातली सोपी भाषा कोणती. मामानं परदेश पाह्यला तो टीव्हीवरच, पण मले भाषेचा नाद हाये, म्हणून वेचणी आटोपली की रात्री आम्ही दोघं ओसरीवर वही घेऊन बसायचो. जे जमलं ते सांगतो, तुम्हालेही करून पाहाता येते.

वहीत तीन रकाने आखा, आपली, नॉर्वेजियन, माल्टीज. शब्द पहिले घरचेच घ्या, आकडे, नाव, पाणी, दार असे, मोठेमोठे ऑफिसचे शब्द नको, ते काहून ते पुढं सांगतो. नॉर्वेजियनमध्ये आठ म्हणजे ओत्ते, नऊ म्हणजे नी, नाव म्हणजे नाव्न, दिसलं ना आपल्यासारखं, कारण मराठी अन् नॉर्वेजियन दोन्ही एकाच इंडो-युरोपियन खानदानातल्या, लय दूरच्या चुलत बहिणी समजा. माल्टीजमध्ये आठ त्मिएन्या, नऊ डिसा, अन् नाव म्हणजे इसेम. ही सेमिटिक भाषा, अरबीच्या घरातली, पण लिहितात मात्र रोमन लिपीत. आता गंमत पाहा, पोलीस पंचनाम्यात "अनोळखी इसम" असते ना, तो इसम म्हणजे अरबीतलं नावच, फारसीच्या वाटेनं आपल्याकडं आलं अन् माणूस होऊन बसलं. तसंच दुनिया तिकडं दिन्या, अन् खबर ते आह्बार. म्हणजे नॉर्वेजियन आपली रक्ताची, माल्टीजसंग फक्त देवाणघेवाणीची ओळख.

इथंच माणूस फसते. आपलं दार नॉर्वेजियनमध्ये डोर अन् डेर याच्या मधातलं काहीतरी असते, अर्थ दारच, अन् ते नातं खरं हाये, द्वार शब्दाचं. माल्टीजमध्ये तर सरळ "दार"च म्हणतात, भाचा उड्या मारायले लागला, पण तिथं दार म्हणजे घर, अरबीतून आलेलं, आपल्या दाराशी काही संबंध नाही. शाळेचंही असंच, नॉर्वेजियन स्कूले, माल्टीज स्कोला, दोघी बहिणी वाटतात, पण दोघींनीही तो लॅटिनकडून उसना आणला. एक शब्द जुळला म्हणून सोयरीक पक्की करायची नसते, शब्दाचा माग काढायचा. विक्शनरीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या शब्दकोशावर, शब्द टाकला की बहुतेक वेळा कुठून आला ते सापडते, फुकटात.

माग काढायचाच तर आपल्या वावरापासून सुरू करा. कापूस नॉर्वेजियनमध्ये बूमुल, म्हणजे झाडावरची लोकर, थंड मुलखात मेंढीच ठाऊक, कापसाचं झाड कोण पाह्यलं होतं. माल्टात ओतोन म्हणतात, सुरुवातीला गळ्यात हलका अटका देऊन, अन् तिथं कित्येक शतकं खरोखरचा कापूस पिकायचा. इंग्रजी कॉटनही त्याच अरबी शब्दातून. मग आपला संत्रा घ्या, नॉर्वेजियन आपेल्सिन, म्हणजे चीनचं सफरचंद, अन् माल्टीज लारिंजा, हा तर मूळचा संस्कृत नारंग, फारसी, अरबी करत करत भूमध्य समुद्रात पोचलेला. एवढे दोन शब्द पाह्यले तरी कोणाचा व्यापार कुठून चालला ते कळते.

आता ऑफिसच्या शब्दाचं. अरब माल्टात 870 साली आले, 1091 पासून नॉर्मन, मग सिसिलीचा वारा, मग 1530 पासून सेंट जॉनच्या ख्रिस्ती सरदारांचं राज्य, मग इंग्रज. त्याच्यानं आकडे, शरीराचे अवयव, रोजची क्रियापदं अरबी राह्यली, अन् कायदा-कचेरीत इटालियन बम भरली, डिक्शनरीतले जवळपास अर्धे शब्द तिकडचेच हायेत. वकिलाले तिथं आवुकात म्हणतात. म्हणून कायद्याचा कागद घेऊन बसले तर वाटेल ही इटालियनची बहीण. आपल्या कोर्टातले फिर्याद-वकील पाहून कोणी मराठीले फारसी म्हणलं तर कसं वाटन.

व्याकरणात एकच गोष्ट आधी पाहा, "तो ठराविक" कसा दाखवतात. नॉर्वेजियन शेपूट लावते, बिल म्हणजे गाडी, बिलेन म्हणजे ती गाडी. माल्टीज पुढं जोडते, इल्-क्तिएब म्हणजे ते पुस्तक, अन् पुढचा आवाज पाहून बदलतेही, इद्-दार, इश्-शेम्श म्हणजे सूर्य. मग क्रियापद. नॉर्वेजियनमध्ये मी, तू, आम्ही, सगळ्याले एकच रूप, भाच्याचा जीव भांड्यात पडला. माल्टीजमध्ये तीन व्यंजनांचं हाडूक असते अन् त्यावर स्वर चढवतात, कितेब लिहिलं, क्तिएब पुस्तक, कोत्बा पुस्तकं, कित्तिएब लेखक. मले हे जास्त सुंदर वाटते, भाच्याले नाही.

पण नॉर्वेजियन सोपी म्हणून हुरळू नका. ओस्लोकडच्या बोलीत शेतकरी अन् शेंगा (बोनर) यांचा उच्चार सारखाच, फरक फक्त सुराचा, सूर चुकला तर सोयाबीनच्या जागी शेतकरीच विकाल. वरून लिहायच्या दोन रीती, बूकमोल अन् नीनोश्क. चारशे वर्षं डेन्मार्कसंग राह्यले, 1814 ले सुटले, बूकमोल त्या डॅनिशमधून आली. ईवार ऑसेन नावाच्या शेतकऱ्याच्या पोरानं 1840 च्या दशकात गावोगाव फिरून बोल्या गोळा केल्या अन् त्यातून दुसरी रीत उभी केली, 1885 ले संसदेनं दोघीले बरोबरीचा दर्जा दिला. तिथं लोक टीव्हीवरही आपापल्या गावची बोली बोलतात, अन् इथं आपण पुण्यात गेलो की "मले" म्हणायले लाजतो. असो. माल्टीजले सरकारी मान 1934 मध्ये भेटला, अन् 2004 पासून युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांत ती एकटी सेमिटिक.

परिच्छेदासमोर परिच्छेद ठेवायचा तर युनियनचे कागद शोधू नका, नॉर्वे त्यात नाहीच, 1972 अन् 1994 ले मतदानात नाही म्हणले. मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या, तो दोन्ही भाषांत अन् मराठीतही भेटते, पहिलं कलम तीन रकान्यात लिहा अन् ओळखीचे शब्द टिकलीनं खुणवा. मग कानासाठी नॉर्वेच्या सरकारी एनआरकेचं रेडिओ अन् माल्टाचं टीव्हीएम चॅनल दहा दहा मिनिटं लावा, अर्थ कळायची घाई नको. सिग्नल आमच्याकडं नाल्याच्या पुलावरच येते, म्हणून ते काम सकाळी ढोरं सोडताना करतो. भाच्यानं अजून ठरवलं नाही, पण माल्टात इंग्रजीही सरकारी भाषा हाये म्हणल्यावर तो एजंटले परत फोन लावून रायला.