ज्वारीची भाकरी जगभरच्या स्वयंपाकघरांत पोहोचवताना

भाकरीचा व्हिडिओ परदेशातील लोकांनी पाहावा, आवडीने पाहावा आणि मुख्य म्हणजे पाहून भाकरी करावी, अशी इच्छा असेल तर कॅमेरा सुरू करण्याआधी आपण कोणासाठी बोलणार आहोत हे ठरवून घ्यावे. परदेश म्हटले की आपल्या मनात अमेरिका आणि इंग्लंड येतात, पण ज्वारीचा विचार केला तर नकाशा निराळा दिसतो. हे धान्य मुळात ईशान्य आफ्रिकेतले आहे. सुदानमध्ये ज्वारीचे पीठ आंबवून किस्रा नावाची पातळ पोळी करतात, इथिओपियात काही भागांत इंजेरा या आंबवलेल्या मऊ पोळीसाठी ज्वारी वापरतात आणि बुर्किना फासोमध्ये ज्वारीच्या पिठाचा ‘तो’ नावाचा घट्ट उकडीसारखा पदार्थ रोजच्या जेवणात असतो. तिथल्या प्रेक्षकाला ज्वारी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्याच पिठाची आंबवल्याशिवाय, केवळ हाताने थापून फुगणारी भाकरी होते, याचे त्याला कुतूहल वाटू शकते. याखेरीज गव्हातील ग्लुटेन (पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन) न चालणारे लोक कोणत्याही देशात असतात, आणि अमेरिकेत किंवा मॉरिशसमध्ये वाढलेली मराठी घरांतली मुले असतात, ज्यांना चव ठाऊक असते पण कृती ठाऊक नसते. या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत, म्हणून एका व्हिडिओत एकाच गटाशी बोलावे असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर त्या प्रेक्षकाच्या स्वयंपाकघराचा विचार करावा, कारण कृती फसते ती बहुधा तिथेच. आपण सहज ‘एक कप पीठ’ म्हणतो. पण अमेरिकी कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० चा आणि जपानमधला २०० चा असतो. त्यामुळे पीठ ग्रॅममध्ये सांगावे आणि वजनकाटा पडद्यावर दिसू द्यावा. पाण्याचे प्रमाण मात्र आकड्यावर सोडू नये, कारण परदेशी दुकानातले ज्वारीचे पीठ किती बारीक आणि किती जुने आहे त्यावर पाणी ठरते, आणि विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेने चिरतेच. ज्वारीत गव्हासारखे चिकटून ताणणारे ग्लुटेन नसते. उकळते पाणी घातल्यावर पिठातला स्टार्च फुलतो आणि त्यानेच पीठ धरून राहते, एवढे कारण एका वाक्यात सांगितले की दूरचा माणूस स्वतःच्या पिठाप्रमाणे बदल करू शकतो. मळलेला गोळा दाबून दाखवावा, कडा चिरलेली भाकरीही दाखवावी आणि ती कशी सावरायची हेही दाखवावे. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवून तिला पाणी लावणे ही आपल्याला अंगवळणी पडलेली गोष्ट असल्यामुळे ती सांगायची राहून जाते, म्हणून तिथे कॅमेरा जवळ न्यावा. अनेक घरांत गॅसची ज्योत नसते, इंडक्शनची शेगडी असते. तिथे भाकरी तव्यावरच उलटून स्वच्छ फडक्याने कडेकडेने हलके दाबत फुगवण्याची रीत वेगळी करून दाखवावी.

ग्लुटेन टाळणाऱ्यांसाठी बोलत असाल तर येथे जबाबदारी मोठी आहे. ज्वारीत ग्लुटेन नसले तरी ज्या गिरणीत गहू दळतात तिथून आणलेल्या पिठात गव्हाचा अंश येतो, आणि बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सीलिअॅकच्या, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला एवढ्यानेही त्रास होतो, तेव्हा पाकीट तपासून घेण्याची सूचना व्हिडिओतच द्यावी. सोबतच्या चटणीतले शेंगदाणे आणि तीळ, फोडणीतली मोहरी यांचाही स्पष्ट उल्लेख करावा. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर नोंदवावा लागणारा अॅलर्जीकारक घटक आहे आणि युरोपीय संघाच्या यादीत मोहरीही आहे.

भाषेच्या बाबतीत मराठी सोडण्याची गरज नाही. आपण ज्या भाषेत स्वयंपाक करतो त्या भाषेत बोललेले ऐकायला बरे वाटते, आणि थापण्याचा आवाज कोणत्याही देशात कळतो. त्यावर पार्श्वसंगीत घालू नये. प्रथम मराठी बोलणे हाताने जसेच्या तसे लिहून काढावे, त्यावरून इंग्रजी उपशीर्षके करावीत आणि अरबी किंवा फ्रेंच हवे असेल तर ती भाषा घरी बोलणाऱ्या, शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीकडून, मोबदला देऊन तपासून घ्यावे. ‘भाकरी’ हे नाव तसेच ठेवावे. मजकूर चित्रावर कायमचा छापू नये. उपशीर्षकांची फाइल स्वतंत्र जोडली की नंतर भाषा वाढवता येतात. यूट्यूब स्टुडिओमध्ये शीर्षक आणि वर्णनही वेगवेगळ्या भाषांत देता येते, आणि ही सोय फार कमी लोक वापरतात असे मला वाटते. शोधणाऱ्याच्या तोंडी असलेली धान्याची नावे, म्हणजे जोवार, सॉर्घम, सुदानमधल्या अरबी भाषकांसाठी धुरा, वर्णनात नक्की यावीत.

व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यावर प्रेक्षक कोणत्या देशांतले आहेत आणि कोणत्या भाषेची उपशीर्षके लावतात हे स्टुडिओत पाहावे. एखाद्या अनपेक्षित देशातून लोक टिकून पाहत असतील तर पुढचे काम त्या दिशेने न्यावे. कोणी ‘आमच्याकडे हे असे करतात’ असे लिहिले तर ती आपल्या पद्धतीतली चूक दाखवलेली नसते, ते पाहुण्याने सांगितलेले घरचे असते. त्याला विचारून, त्याची परवानगी घेऊन आणि नाव देऊन ती कृती आपल्या स्वयंपाकघरात करून पाहावी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान जरूर सांगावा, पण ज्वारी फक्त आपलीच असे म्हणू नये, कारण ऐकणाऱ्यांत तिच्या मूळ गावचे लोक असतील. किस्रा करणारी एखादी सुदानी गृहिणी तयार असेल तर दोघींनी एकाच पिठाचे आपापले पदार्थ करून एक व्हिडिओ तयार करावा, तो दोघींच्या चॅनेलवर दोन्ही भाषांच्या उपशीर्षकांसह यावा आणि त्यातून काही उत्पन्न झाले तर त्याची वाटणी कशी करायची हे चित्रीकरणाआधी लेखी ठरवून घ्यावे.