मृगाआधी कुंडीचं बूड बघा

बियाण्याचं नंतर बोलू. आधी आज संध्याकाळी गच्चीवर जा आणि प्रत्येक कुंडी, डबा, क्रेट आडवा करून त्याचं बूड तपासा. मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला. तेव्हा मृग निघेपर्यंत थांबू नका; कुंड्या बुडवायला वळवाची एक दणदणीत सरही पुरते.

जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजी महागते, आणि मिळते तीही चिखलाने माखलेली, अर्धी सडकी. नेमक्या त्याच दिवसांत माठ, अंबाडी, मायाळू, दोडका, घोसाळं या आपल्या भाज्या गच्चीत, खिडकीच्या जाळीत जोमाने येतात. त्यांना शेडनेट लागत नाही आणि महागड्या खताची पिशवीही लागत नाही. मुळाशी साचलेलं पाणी मात्र त्यांना अजिबात सोसत नाही. शहरातल्या कुंड्यांमधली भाजी किडीने जाते त्याच्या कितीतरी पट या पाण्याने जाताना मी पाहतो. भोक नसलेली रंगाची बादली, मातीने बुजलेलं भोक, नाहीतर कुंडीखाली हौसेने ठेवलेली ताटली, कारण यातलंच एखादं असतं.

फसगत कशी होते बघा. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, मुळं काम थांबवतात आणि पानं मलूल पडतात. मलूल पान दिसलं की घरातलं कुणीतरी आणखी तांब्याभर पाणी घालतं. मग कोणी दुकानात जातो आणि तिथून 'रूट बूस्टर'ची बाटली घेऊन येतो. माती ओली आणि पान मलूल असेल तर पाणी बंद, टॉनिक बंद, कुंडी तिरकी करून निथळू द्या. मातीला आंबूस वास यायला लागला तर मुळं कुजायला लागली असं मी धरून चालतो. प्रयोगशाळेचा दाखला नाही माझ्याकडे, पण हा वास सहसा खोटं सांगत नाही.

बारा इंची कुंडीला बुडाशी पाच-सहा भोकं हवीत, करंगळी जाईल एवढी. तेलाचे कॅन, बादल्या असतील तर तापवलेल्या सळईने पाडा. बुडाच्या कडेला बोटभर उंचीवरही दोन-तीन पाडा, कारण बूड लादीला टेकलं की खालची भोकं बंद होतात. त्याच कारणासाठी प्रत्येक कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा. ताटल्या आजच काढा. त्यांत डासांच्या अळ्या होतात आणि डेंगीच्या दिवसांत पालिकेची नोटीस येते ती वेगळीच. मग तांब्याभर पाणी ओतून बघा. पाच मिनिटांनीही वर डबकं दिसलं तर त्या कुंडीत बी टाकू नका.

बुडाशी चार बोटं खडी घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी ती पुरती भिजल्याशिवाय भरड खडीत उतरत नाही, त्यामुळे ओला थर उलट वर, मुळांजवळ सरकतो. भोकावर एक खापरी पालथी ठेवली की झालं.

निव्वळ लाल माती दोन पावसांत विटेसारखी बसते. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा असं मिश्रण करा. शेतीत स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्यांच्या, श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने गच्चीवर उसाच्या चिपाडात बागा करून दाखवल्या. रसवंतीवाला चिपाड बहुधा फुकट देतो. ते वाळवून, तुकडे करून कुंडीच्या खालच्या अर्ध्या भागात भरा. मात्र गेल्या वर्षीच्या चिपाडाचा लगदा झाला असेल तर उपसून काढा. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, उन्हाळ्यात ठीक, पावसाळी कुंडीत चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको. आणि पाणी धरून ठेवणारं हायड्रोजेल जूनमध्ये गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराला हात जोडा.

नेहमीची कामं:

- माठ, राजगिरा: फोकून (हाताने विखरून) पेरणी, २५-३० दिवसांत पहिली कापणी
- अंबाडी: वीतभर अंतरावर, शेंडा खुडत राहणे
- मायाळू: वीतभर फाटा खोचणे, दोरीचा आधार
- दोडका, घोसाळं, पडवळ: बी रात्रभर भिजवणे, २० लिटरच्या कुंडीत एकच वेल
- वाल: मांडव आधी, बी नंतर
- शेवगा: मोठा ड्रम, तीन फुटांवर शेंडा छाटणे
- भिजलेली बारा इंची ग्रो बॅग ३० किलोच्या आसपास भरते. भिंतीलगत ठेवणे, स्लॅबच्या मधोमध नको

माठाचं बी दाट पडतं, तिथे थोडं थांबायला हवं. शिफारस हेक्टरी साधारण २ किलोची, म्हणजे चौरस मीटरला फक्त ०.२ ग्रॅम. लोक मूठ रिकामी करतात. दाट रोपं आणि तुंबलेलं पाणी एकत्र आलं की रोपमर ठरलेली: जमिनीलगत खोड काळं पडून पिचतं आणि दोन दिवसांत वाफा आडवा होतो. बी चौपट कोरड्या वाळूत मिसळून फोका. पेरणीआधी ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम, किंवा किलोभर शेणखतात १० ग्रॅम मिसळून मातीत. कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या विक्री केंद्रावर घ्या आणि मुदत बघा. उन्हात ठेवलेलं पाकीट फुकट गेलं समजा. रोपांभोवती चिमूट-चिमूट चुलीची राख भुरभुरण्याची जुन्या बायकांची रीत मीही पाळतो. कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक, लिटरला २.५ ग्रॅम हे प्रमाण वेलांच्या बुंध्यात ओतण्यासाठी सांगतात. महिन्याभरात ताटात येणाऱ्या पाल्यावर ते मारू नका, आधी भोक मोकळं करा.

मावा, तुडतुडे: ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, उघडीप बघून संध्याकाळी फवारा. गोगलगायी: रात्री टॉर्च घेऊन वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री-मांजरं खातात, गच्चीवर नकोत.

बियाण्यासाठी चकचकीत पाकिटांच्या मागे लागू नका. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती अशाच गावरान वाल-घेवड्यांचं बी सांभाळल्याबद्दल. गावाकडून मूठभर आणा, वेलावर चार शेंगा वाळू द्या आणि पुढच्या वर्षी तेच पेरा. संकरित वाणाचं बी मात्र असं राखून चालत नाही.

आता गच्चीची पाणी निघायची जाळी. कुंड्यांचा निचरा उत्तम आणि गच्चीचं पन्हळ पालापाचोळ्याने तुंबलेलं, असं दरवर्षी होतं. घोटाभर पाण्यात सगळ्या कुंड्या उभ्या राहतात, खालच्या मजल्याचं छत गळतं आणि सोसायटी सगळी बागच बंद करते. जाळीभोवती दोन फूट जागा मोकळी ठेवा. जोराच्या पावसात सकाळ-संध्याकाळ हाताने पाला काढा.

एवढं करूनही एखादा कोपरा ओलाच राहत असेल तर तिथे आळू लावा, त्याला पाणी चालतं. कंद भाजीचा, खात्रीच्या घरून आणा. शोभेचा किंवा रस्त्याकडेचा नको. शिजवताना चिंच घालायला विसरू नका, नाहीतर घसा खवखवेल.