गुरुद्वाऱ्याची वार्षिक सभा आणि निवडणूक: आधीच्या तीन महिन्यांची तयारी

संगत (गुरुद्वाऱ्यात जमणारे भाविक) आणि सभासद हे दोन वेगळे शब्द आहेत, तयारीची सुरुवात इथूनच करावी. गुरुद्वाऱ्यात मत्था टेकायला, पंगतीत बसायला, जोडाघरात (चपला सांभाळायच्या खोलीत) सेवा करायला कुणीही येतं. त्याला जात, धर्म, पावती कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. मत मात्र त्यालाच, ज्याचं नाव सभासद नोंदवहीत आहे. महाराष्ट्रातल्या स्थानिक गुरुद्वाऱ्यांच्या निवडणुकीचे वाद धर्मादाय कार्यालयात पोचतात तेव्हा सगळ्यात आधी हीच वही मागितली जाते, आणि ती अर्धवट असेल तर पुढचं सगळं डळमळतं. म्हणून सभेची तारीख ठरवण्याआधी, किमान नव्वद दिवस हाताशी ठेवून, वही उघडा.

त्याच्याही आधी एक लहान काम: आपला गुरुद्वारा कोणत्या कायद्याखाली चालतो ते कागदावर पाहून घ्या. पंजाबकडचा 1925 चा शीख गुरुद्वारा कायदा इथे लागू नाही, दिल्लीचा 1971 चा कायदा दिल्लीपुरता आहे, आणि नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबसाठी 1956 चा स्वतंत्र कायदा आहे. इतर गावांतले गुरुद्वारे साधारणपणे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम 1950 खाली नोंदलेले असतात, आणि संस्था म्हणून उभे राहिले असतील तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही. ‘अमृतसरला असं चालतं’ हा मुद्दा सभेत हमखास निघतो, त्याला उत्तर आपल्या संस्थेच्या घटनेतच शोधावं लागतं. तेव्हा घटनेची प्रमाणित प्रत, शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या आपल्या नोंदीचा) ताजा उतारा आणि शेवटचा मंजूर झालेला बदल अर्ज (विश्वस्त वगैरे बदलल्याचं त्या कार्यालयाला कळवणारा अर्ज) हे तीन कागद एका फाइलीत ठेवा. उताऱ्यावर अजून दिवंगत विश्वस्तांची नावं दिसत असतील, तर मधल्या एखाद्या निवडणुकीचा बदल अर्ज अडकलेला आहे असं समजा. तो सोडवल्याशिवाय नव्या समितीचा अर्ज पुढे सरकायला त्रास होतो, कारण सभा बोलावणाऱ्यांना अधिकार होता का हाच पहिला प्रश्न निघतो. मुदत संपल्यावरही नवी समिती येईपर्यंत जुनी काम पाहील, असं कलम घटनेत आहे का तेही पाहा. नसेल तर मुदत संपायच्या आतच निवडणूक उरका.

आता नोंदवही. कायम बांधणीची वही, पानांना छापील क्रमांक, प्रत्येक सभासदाचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, प्रवेश मंजूर करणाऱ्या ठरावाचा क्रमांक, वर्गणीच्या पावत्यांचे क्रमांक आणि शाईची सही. 1860 च्या कायद्याचं 15 वं कलम नीट वाचा: सभासद म्हणजे नियमाप्रमाणे प्रवेश मिळालेला, वर्गणी भरलेला किंवा नोंदवहीत, यादीत सही केलेला माणूस, आणि ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची मोजदादही होत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की थकबाकीदारांना तीन महिने आधीच लेखी कळवायला हवं. निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्यांची नावं वगळली तर तो घात ठरतो, आणि त्याच दिवशी सगळ्यांची वर्गणी भरून घेतली तर तोही घोळच. वर्गणी भरण्याची शेवटची तारीख ठरावाने ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी लागू करा. प्रत्येकाची पावती वेगळी फाडा. एका उमेदवाराने एकाच चेकने चाळीस जणांची वर्गणी भरली, अशी नोंद पुढे हरकतीत पहिल्या पानावर येते.

नवे अर्ज गठ्ठ्याने पडून राहणं, ही सगळ्यात दुखरी जागा. समितीला आवडणारे अर्ज मंजूर होतात, बाकीचे ‘विचाराधीन’ राहतात. अर्ज आल्या तारखेचा शिक्का, पोचपावती, साठ दिवसांत निर्णय आणि नकार दिला तर लेखी कारण, एवढं नियमावलीत घाला. निवडणुकीच्या वर्षात नवे सभासद घेण्याची शेवटची तारीखही त्यातच लिहा.

पात्रतेचा शब्दन् शब्द आधी ठरलेला हवा. ‘शीख’ कुणाला म्हणायचं यासाठी 1945 साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने अंतिम रूप दिलेल्या सिख रहत मर्यादेतली (शीख आचारसंहितेतली) व्याख्या जशीच्या तशी घ्यावी: एका अकाल पुरखावर (कालातीत ईश्वरावर), गुरू नानक देवजींपासून गुरू गोविंदसिंगजींपर्यंतच्या दहा गुरूंवर, श्री गुरू ग्रंथ साहिबवर, दहा गुरूंच्या बाणीवर आणि शिकवणीवर आणि दशम गुरूंच्या अमृतावर श्रद्धा, आणि दुसऱ्या कोणत्याही धर्माला न मानणं. त्यानंतर आपल्या गुरुद्वाऱ्यापुरता प्रश्न उरतो: सभासद कोण, आणि पदाधिकारी कोण. प्रधान, सकत्तर (सचिव) आणि खजांची (खजिनदार) अमृतधारी, म्हणजे अमृतदीक्षा घेतलेले, असावेत, कार्यकारिणीचे बाकीचे सदस्य केशधारी, म्हणजे केस न कापणारे, चालतील, असा नियम बरेच जण करतात. पण केशधारी आणि सहजधारी (गुरूंना मानणारे, पण केस न राखणारे) यांना मत आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलेलं नसतं. संसदेने 2016 मध्ये 1925 च्या कायद्यात दुरुस्ती करून सहजधाऱ्यांचा मताधिकार काढला, तो त्या कायद्याखालच्या निवडणुकांपुरता. इथे आपली घटना काय म्हणते तेच खरं.

महाराष्ट्रात हा मुद्दा कागदापुरता राहत नाही. उल्हासनगर, पिंपरी अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या गुरू ग्रंथ साहिबसमोर मत्था टेकणारी नानकपंथी सिंधी कुटुंबं आहेत. वस्त्यांमध्ये सिकलीगर (परंपरेने हत्यारं-अवजारं घडवणाऱ्या शीख समाजाची) कुटुंबं आहेत. त्यांच्या सेवेवर गुरुद्वारा चालायचा आणि मतदानाच्या दिवशी दारात उभं राहून कुणीतरी दाढीकडे पाहून त्यांना परत पाठवायचं, हे होऊ देऊ नका. सहजधाऱ्यांना मत द्यायचं तर नियमात लिहा, द्यायचं नसेल तर तेही लिहा आणि वर्गणी घेतानाच तोंडावर सांगा. पात्रतेचं घोषणापत्र अर्जासोबत घ्या. कुणाच्या पात्रतेवर शंका असेल तर ती कच्च्या यादीवरच्या हरकतीच्या मुदतीत, लेखी आणि सहीनिशी यावी. मतदानाच्या रांगेत कुणाची तपासणी होणार नाही, असं नोटिशीतच छापा.

कुटुंबाला एक मत हा जुना नियम अजून कुठे असेल तर तो बदलण्याचा ठराव याच सभेत आणा. अशा नोंदींत घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव लागतं, आणि पहाटेपासून लंगरात पोळ्या लाटणाऱ्या बाईंचं नाव वहीत कुठेच नसतं. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळी पावती, वेगळं मत. पगारी ग्रंथी (ग्रंथपठण करणारे), रागी (कीर्तन करणारे) आणि सेवादार यांना उमेदवारी नसावी. ग्रंथीसिंहांच्या तोंडून स्टेजवरून कोणत्याही गटाची घोषणा करवून घेऊ नये. त्यांची नोकरी समितीच्या हातात असते, ते नाही म्हणू शकत नाहीत.

तारीख ठरवताना हिशोब आधी धरा. वर्ष 31 मार्चला संपतं, ऑडिट रिपोर्ट 30 सप्टेंबरपर्यंत जायला हवा, म्हणून सभा ऑगस्ट किंवा सप्टेंबरच्या एखाद्या रविवारी बसते. गुरुपर्वाचा आठवडा टाळा. ऑडिटरला गोलकीच्या (दानपेटीच्या) नोंदी लागतात: गोलक उघडताना हजर असलेल्या किमान चार जणांच्या सह्या, नोटांचा मूल्यानुसार तपशील, एकूण रक्कम, आणि पुढच्या कामाच्या दिवशीची बँकेची स्लिप. पांढऱ्या चादरीवर गोलक रिकामी करून दहाच्या, पन्नासच्या, शंभरच्या गड्ड्या बांधल्या जातात तेव्हाच हा तक्ता भरायचा. घरी जाऊन आठवणीने भरलेला तक्ता बँकेच्या आकड्याशी कधी ना कधी चुकतो, आणि मग प्रामाणिक माणसावरही बोट उठतं. दोन कुलपं, दोन चाव्या, दोन वेगळी माणसं.

नोटिशीत सभेची जागा, तारीख, वेळ आणि प्रत्येक विषय सुटा लिहा. घटनेत एकवीस दिवस म्हटले असतील तर नोटीस पाठवल्याचा आणि सभेचा दिवस धरू नका. जुन्या घटनांमध्ये ‘यू.पी.सी.’ने (टपाल खात्याच्या पाठवल्याच्या दाखल्याने) नोटीस पाठवावी असं असतं. टपाल खात्याने ती सोय 2011 मध्ये बंद केली, त्यामुळे हे कलम दुरुस्त करा आणि तोवर स्पीड पोस्ट किंवा हातपोच सही घ्या. व्हॉट्सॲपवर जरूर टाका, पण घटनेत नसेल तर तो पुरावा धरून चालू नका. नोटीस गुरुमुखी आणि मराठी दोन्हीत असावी. इतिवृत्त मात्र पहिल्यापासून मराठीत लिहिलेलं बरं, कारण गुरुमुखीतलं इतिवृत्त कार्यालयात द्यायचं तर भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतरात एक शब्द इकडचा तिकडे झाला की विरोधी वकील तोच धरतो.

घटनादुरुस्ती विषयपत्रिकेवर असेल तर आधी पाहा, बदल संस्थेच्या उद्देशांत आहे की नियमांत. नियम आपल्या घटनेतल्या बहुमताने बदलतात. उद्देश बदलायचे असतील तर 1860 च्या कायद्याचं 12 वं कलम लागतं: प्रस्ताव लेखी स्वरूपात दहा दिवस आधी सभासदांना, विशेष सभेत तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत पुन्हा तीन पंचमांश मतांनी कायम. ‘इतर विषय, अध्यक्षांच्या परवानगीने’ या ओळीखाली यातलं काहीही करता येत नाही. दुकानाचा गाळा तीन वर्षांहून जास्त भाड्याने द्यायचा किंवा बांधकामासाठी कर्ज काढायचं असेल तर सभेचा ठराव पुरेसा नाही, धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठरावातच ‘परवानगी मिळाल्यावर’ असं लिहा.

सभा दरबार साहिबमध्ये (गुरू ग्रंथ साहिब असलेल्या मुख्य दालनात) घेऊ नका. दिवाण (कीर्तन-प्रवचनाची बैठक) संपल्यावर, अरदास (प्रार्थना) आणि हुकमनामा (ग्रंथातल्या वचनाचं वाचन) झाल्यावर लंगर हॉलमध्ये किंवा शेजारच्या खोलीत बसा. हुजुरीत आवाज चढणं कुणालाच नको असतं, पण मतभेदाच्या सभेत तो चढतो. नोंदणीचं टेबल साडेबाराला लावा आणि सभा दीडला सुरू करा, म्हणजे लंगर घेऊन माणसं निघून जायच्या आत सह्या होतात. लंगरातल्या सेवादारांच्या पाळ्या लावा, नाहीतर भांडी घासणाऱ्यांचं मत राहून जातं. हजेरीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर सभेचं नाव, तारीख, वेळ आणि जागा छापा. सुट्या कोऱ्या कागदावरच्या सह्या कशाच्या होत्या हे दोन वर्षांनी कुणालाच सिद्ध करता येत नाही. गणसंख्या न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरवायची, तर तसं कलम घटनेत आणि तशी ओळ नोटिशीत हवी. त्या सभेत नोटिशीतलेच विषय घ्यायचे.

जयकाऱ्याबद्दल (सामूहिक जयघोषाबद्दल) थोडं थांबून. ‘बोले सो निहाल’ झालं, सगळ्यांनी ‘सत श्री अकाल’ म्हटलं, ठराव मंजूर. ही आपली रीत आहे, ती ठेवावी. पण इतिवृत्तात नुसतं ‘जयकाऱ्यांच्या गजरात मंजूर’ एवढंच असेल तर सूचक कोण, अनुमोदक कोण, बाजूने किती, विरोधात किती, काहीच कळत नाही. आधी हात मोजा, आकडे लिहा, मग जयकारा द्या. समिती सर्वसंमतीने निवडायची असली तरी उमेदवारी अर्ज, छाननी आणि माघार हे टप्पे कागदावर करा आणि ‘बिनविरोध’ लिहा. तसंच समितीच्या ठरावाला गुरमता (पंथाचा धार्मिक ठराव) म्हणू नका. रहत मर्यादेनुसार गुरमता फक्त शीख धर्माच्या मूलभूत तत्त्वांच्या रक्षणाशी निगडित प्रश्नांवर आणि पंथाच्या निवडक प्रमुख जथ्यात किंवा प्रातिनिधिक मेळाव्यातच होतो. शाळा, बांधकाम, खर्च यांवर होतो तो मता, म्हणजे साधा ठराव. तनखाह (रहत मोडल्याचं प्रायश्चित्त) आणि सभासदत्व रद्द करणं यांचीही गल्लत करू नका. रहत मोडल्याची कबुली संगतीसमोर होते, पंज प्यारे (संगतीने निवडलेले पाच जण) सेवा लावतात, आणि माफी देताना संगतीने अडून बसू नये असं मर्यादाच सांगते. त्या निर्णयावर दाद अकाल तख्ताकडे (अमृतसरमधल्या शिखांच्या सर्वोच्च पीठाकडे) मागता येते. सभासदत्व रद्द करायला मात्र लेखी नोटीस, उत्तराची संधी आणि ठराव लागतो.

मतदान असेल तर निवडणूक अधिकारी गावातला पण कोणत्याही गटात नसलेला वकील किंवा निवृत्त शिक्षक नेमा. मतपत्रिकेवर नावं गुरुमुखी आणि देवनागरीत छापा. क्रमांक फक्त स्थळप्रतीवर, मागे दोन सह्या. जागा अकरा असतील तर बारा खुणांची मतपत्रिका बाद, हे मतदान खोलीत मोठ्या अक्षरांत लावा. छापलेल्या, वापरलेल्या, खराब झालेल्या आणि उरलेल्या पत्रिकांचा ताळा जुळवूनच मोजणी सुरू करा, आणि सगळ्या पत्रिका सीलबंद पेटीत बदल अर्ज मंजूर होईपर्यंत ठेवा.

त्यानंतर दोन मुदती: 1860 च्या कायद्याखाली कार्यकारिणीची यादी सभेपासून चौदा दिवसांत, आणि 1950 च्या कायद्याच्या 22 व्या कलमाखाली बदल अर्ज नव्वद दिवसांत. बदल अर्जासोबत नोटीस, ती पोचल्याचे पुरावे, हजेरी, इतिवृत्त, सभासद यादी, नव्या विश्वस्तांची संमतिपत्रं, जुन्यांचं ना-हरकत किंवा राजीनामे आणि प्रतिज्ञापत्र. जुने सही द्यायला तयार नसतील तर त्यांना पाठवलेल्या पत्राची पोच जोडा.

कारभार सोपवण्याच्या दिवशी गोलक दोन्ही समित्यांसमोर मोजा. किल्ल्या, चेकबुकं, पावती पुस्तकं (शेवटच्या वापरलेल्या पानाच्या क्रमांकासह), मिळकत पत्रिका, पालखी साहिब, चौर, रुमाले, लंगरची भांडी नगानिशी यादीत घ्या. पावन सरूपांची (गुरू ग्रंथ साहिबच्या प्रतींची) यादी ग्रंथीसिंहांनी स्वतः, मर्यादेने पाहून करावी. प्रकाशातली (उघडून मांडलेली), सुखासनातली (मिटून विश्रांतीला ठेवलेली) आणि वृद्ध (जीर्ण) झालेली सरूपं वेगवेगळी लिहावीत. यादीच्या तीन प्रती, प्रत्येक पानावर जुन्या आणि नव्या सकत्तरची सही, एक प्रत गुरुद्वाऱ्याच्या कपाटात.