डॅक घ्यायचा की सीडी प्लेअर? या चुका टाळा

कपाटात दीड-दोनशे सीड्या, जुना प्लेअर मधूनच रुसतो आणि दुकानदार म्हणतो, 'सीडी प्लेअर आता कशाला घेता, एक चांगला डॅक घ्या.' शेजारच्या दुकानात नेमका उलटा सल्ला मिळतो. दोघेही खोटं बोलत नसतात. तुम्ही गाणी कशावरून ऐकता, हे दोघांनीही विचारलेलं नसतं, इतकंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचं अॅम्प्लिफायरला कळेल अशा विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करणारा भाग. तो प्रत्येक सीडी प्लेअरमध्ये असतोच. १९८२ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या सीडीपी-१०१ मध्येही होता, आणि तोही डाव्या-उजव्या चॅनेलला आळीपाळीने वापरलेला एकच. म्हणजे सीडी प्लेअर हा तबकडी वाचणारा ड्राइव्ह आणि डॅक यांचा एकत्र संसार. वेगळा डॅक घेतला की त्यातला दुसरा अर्धाच घरी येतो. आणि बिघडतो तो बहुतेक वेळा पहिला अर्धा: मोटर, ट्रेचा रबरी बेल्ट, लेझर. डॅकमध्ये हलणारं, झिजणारं काहीच नसतं. त्यामुळे माझं मत असं की निवड करताना ड्राइव्ह आणि जोडण्यांचा विचार आधी करावा, चिपचा सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

सीडी अडकते म्हणून डॅक घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गाणं मध्येच उडी मारतं, 'नो डिस्क' येतं, शेवटची दोन गाणी खरखरतात. या तिन्ही तक्रारी वाचनाच्या आहेत. डॅकपर्यंत आकडेच नीट पोहोचत नाहीत, मग डॅक कितीही भारी असला तरी तो काय करणार?

सीडीवर चुका दुरुस्त करणारी सोय मुळातच आहे. सीडीवर माहिती एका लांबलचक गोल फिरत जाणाऱ्या रेषेत असते. त्या रेषेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर माहिती सलग गेली तरी ती पूर्ववत उभी करता येते. म्हणून चकाकत्या बाजूवरचे बारीक ओरखडे सहसा ऐकू येत नाहीत. खरा धोका छापील बाजूला असतो, कारण परावर्तक थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. तिथे खोल चरा पडला की माहितीच खरवडली जाते. सीडी प्रकाशासमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर दोष प्लेअरचा नाही. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसलं आणि चरा उठला तर तो रेषेच्या दिशेने जातो, आणि दुरुस्तीच्या सोयीला तोच जड जातो.

सीड्या ठीक असतील तर लेझरच्या भिंगाकडे या. आपले दुरुस्तीवाले अख्ख्या पिकअपलाच, म्हणजे लेझर आणि भिंग मिळून असलेल्या भागाला, 'लेन्स' म्हणतात, त्यामुळे 'लेन्स गेली' ऐकून घाबरायचं कारण नाही. बऱ्याचदा नुसती धूळ असते, कोकणपट्टीत दमटपणाने चढलेला धूसर थर असतो. प्लेअर बंद करून, प्लग काढून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा लावून भिंग हलक्या हाताने पुसलं तर पुष्कळ प्लेअर परत बोलू लागतात. ब्रश लावलेल्या क्लीनर सीडीवर माझा भरवसा नाही. पिकअपच्या बाजूला एक बारीक स्क्रू दिसतो, लेझरची ताकद ठरवणारा. त्याला हात लावू नका. तो फिरवून चार महिने गाणी ऐकता येतात, मग लेझर कायमचा जातो.

पुढची गाणी वाजतात आणि शेवटची अडखळतात, असं असेल तर वेगळंच. सीडी आतून बाहेर वाचली जाते. लेझर ज्या रुळावरून सरकतो त्याचं ग्रीस वाळलं की बाहेरच्या टोकाला तो अडतो. ट्रे उघडत नसेल तर बेल्ट सैल झालेला असतो आणि तो काही रुपयांत मिळतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सोनीच्या केएसएस-२१३ सारखा पिकअप कितीतरी कंपन्यांच्या प्लेअरमध्ये असल्याने त्याला पर्यायही मिळतो. जुन्या, मोजक्याच मॉडेलांत वापरलेला पिकअप असेल तर मात्र आधी सुटा भाग मिळतो का ते विचारा, मगच दुरुस्तीला हो म्हणा.

खोक्यावरचे आकडे वाचून ठरवणं

'३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ' असं डॅकच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं. बिट म्हणजे आवाजाच्या प्रत्येक नमुन्याची बारकाई, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने. सीडीवर आहे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. याहून जास्त त्या तबकडीत काहीच नाही आणि कुठलाही डॅक ते नव्याने आणू शकत नाही. शिवाय सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातल्या अंतराची १६ बिटांची सुमारे ९६ डेसिबलची मर्यादा आपल्याला क्वचितच जाचते. जुन्या मैफलींच्या टेपवरून काढलेल्या सीड्यांत टेपची सरसरच सीडीच्या त्या सगळ्यात हळू पातळीच्या कितीतरी वर असते.

आकड्यांच्या या नादाला सीडीच्या सुरुवातीच्या दिवसांतच उत्तर मिळालं होतं. फिलिप्सच्या सीडी१०० या प्लेअरमध्ये १४ बिटांचा डॅक होता. त्यांनी चौपट ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे नमुन्यांची संख्या चौपट करण्याची युक्ती, वापरून १६ बिटांच्या तोडीचं काम काढलं. चिप हा मोठ्या साखळीतला एक भाग आहे. त्याच पैशांत स्पीकर सुधारले तर फरक शेजाऱ्यांनाही कळेल.

दुकानातल्या तुलनेत अजून एक मेख असते. सीडी प्लेअरचं आउटपुट साधारण २ व्होल्ट धरलं जातं. शेजारी ठेवलेला डॅक २.३ व्होल्ट देत असेल तर तो जवळपास सव्वा डेसिबल मोठा वाजतो. एवढा फरक 'आवाज मोठा आहे' असा जाणवत नाही, 'जास्त मोकळा, जिवंत आहे' असा जाणवतो. आवाजाची पातळी जुळवून द्यायला सांगा. टाळाटाळ झाली तर तुलना झालीच नाही असं समजा.

घरात आधीच असलेले डॅक न मोजणं

यामाहाचा ए-एस३०१ किंवा मरँट्झचा पीएम६००७ असा अॅम्प्लिफायर घरात असेल तर मागे ऑप्टिकल (उजेडाच्या केबलचं) आणि कोअॅक्सिअल (तांब्याच्या केबलचं) अशी डिजिटल इनपुट आहेत, म्हणजे आत डॅक आहे. होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर असेल तरी तेच. अशा घरात वेगळा डॅक आणणं म्हणजे एका कामाचे दोनदा पैसे. अडचण फक्त लॅपटॉपची: या इनपुटांत यूएसबी नसेल तर लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट हवं किंवा छोटा कन्व्हर्टर.

मग घ्यायचं काय? सीड्या भरपूर, रोज लावून ऐकायची सवय, ऐकताना मोबाइल समोर नको असेल तर सरळ सीडी प्लेअर घ्या, डॅकचा विषय सोडा. सीड्या वीस-पंचवीस आणि बाकी सगळं मोबाइल-लॅपटॉपवर असेल तर डॅक. दोन्ही असेल तर यूएसबी, ऑप्टिकल, कोअॅक्सिअल अशी तिन्ही इनपुट असलेला एक साधा डॅक आणि सीड्या वाचायला त्याला जोडलेला जुना डीव्हीडी प्लेअर. दिसायला गबाळं, पण पैसे वाचवणारं.

जोडण्या न बघता मागवणं

मरँट्झ सीडी६००७ च्या पुढच्या बाजूला यूएसबी आहे. ते पेन ड्राइव्हसाठी. लॅपटॉप जोडून त्याचा डॅक वापरता येईल असं समजून पुष्कळजण फसतात. त्यासाठी मागच्या बाजूला संगणकाचं वेगळं यूएसबी इनपुट किंवा डिजिटल इनपुट लागतं, आणि ते ठरावीक मॉडेलांतच असतं.

दुसरीकडे केंब्रिज ऑडिओचा सीएक्ससी किंवा ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी हे नुसते ट्रान्सपोर्ट आहेत. त्यांत डॅक नाही, अॅनलॉग आउटपुट नाही. अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे साध्या अॅनलॉग इनपुटला, लावायला काही मिळणारच नाही. आणि मोबाइलला लावायचे बोटभर डॅक फक्त यूएसबी घेतात. सीडी प्लेअरची कोअॅक्सिअल केबल त्यांना जोडताच येत नाही. याच्या उलट फिओचा डी०३के हा छोटा डॅक: त्याचं यूएसबी निव्वळ विजेसाठी, आवाज घेतो तो फक्त कोअॅक्सिअल आणि ऑप्टिकलमधून. लॅपटॉपला जोडून 'डिव्हाइस दिसत नाही' म्हणून परत पाठवू नका.

केबलवर हजारो रुपये घालवायची गरज नाही. जुन्या टीव्हीची पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल ७५ ओहमची असते. कोअॅक्सिअलसाठी ती छान चालते.

डॅक जोडला, आवाजच नाही

बिघाड समजण्याआधी हे बघा. ऑप्टिकल केबलच्या टोकांवरची पारदर्शक टोपणं काढलीत का? हसू नका, नेहमी होतं. प्लेअर चालू असताना केबलच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला पाहिजे. डॅकवर इनपुट बरोबर निवडलंय का? प्लेअरच्या कोअॅक्सिअलमधून निघालेली केबल चुकून अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये गेली नाही ना? भोक सारखंच असतं, पण तिथून गाणं नाही, खरखर किंवा शांतताच मिळते. डॅकचं आउटपुट 'फोनो' लिहिलेल्या जागी लावलं तर आवाज फाटका आणि घुमणारा येतो. ती जागा रेकॉर्ड प्लेअरची.

डीव्हीडी प्लेअर असेल तर सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर ठेवा. 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' असेल तर डीव्हीडीवरच्या मैफलीचा डॉल्बी आवाज दोन चॅनेलच्या डॅकला उलगडत नाही. काही डीव्हीडी प्लेअर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर गप्प होतात. सलग मैफलीची सीडी ट्रॅकमध्ये तोडलेली असेल तर सम यायच्या तोंडावर ती खोट कानाला बोचते. घेण्याआधी अशीच सीडी लावून बघा.

एसएसीडी (सीडीसारखीच दिसणारी, जास्त बारकाईची तबकडी) असेल तर तिची उच्च दर्जाची पट्टी कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकलमधून बाहेरच पडत नाही. दुहेरी तबकडी असेल तर तिच्यातली साधी सीडीची पट्टी तेवढी जाते.

आवाज आहे पण मागे 'हम्म' असा घुमारा आहे? लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घुमारा गेला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा (ग्राउंड लूपचा) आहे आणि ऑप्टिकल केबलने तो सुटतो, कारण तिच्यातून वीज वाहत नाही. प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला मिळेल. ऐकू नका.

सीड्या एकदाच फाइलमध्ये उतरवायच्या, पण घाईत

डॅक घेणाऱ्यासाठी हा चांगला मार्ग. संगणकाचा साधा डीव्हीडी रायटर, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम, फ्लॅक फाइली. मूळ माहितीतलं काहीही न गमावता जागा साधारण निम्मी लागते. हा प्रोग्राम तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बघतो. मराठी लेबलांच्या सीड्या त्या यादीत नसल्या तर 'सापडलं नाही' असं येतं. त्याचा अर्थ प्रत चुकली असा नाही. तीच सीडी दोनदा उतरवा, तपासणीचे आकडे जुळले की झालं. गाण्यांची नावं मात्र स्वतः टाका, आपोआप आलेल्या नावांत रागांचे आणि गायकांचे जे हाल झालेले असतात ते बघवत नाहीत.

१९८० च्या दशकातल्या काही सीड्यांत, विशेषतः जपानी, वरचे सूर मुद्दाम चढवून ठेवलेले आहेत आणि ते खाली आणायची खूण सीडीवर असते. प्लेअर ती वाचतो. फाइलमध्ये ती हरवते, अनेक नवे डॅकही तिच्याकडे बघत नाहीत. एखादीच जुनी सीडी डॅकवरून कर्कश वाटली आणि प्लेअरवरून नाही, तर कारण हेच असू शकतं.

शंभर गाण्यांची एमपी३ तबकडी सगळ्याच सीडी प्लेअरमध्ये चालत नाही, आणि डॅकने ती सुधारतही नाही. मोबाइलवरून ऐकताना बहुतेक अँड्रॉइड फोन सगळं ४८ किलोहर्ट्झला बदलून पाठवतात. ते टाळायचं तर यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रो सारखं अॅप लागतं. फरक ऐकू येईलच असं मी म्हणणार नाही.

वापरलेला प्लेअर पाहताना

सोबत दोन सीड्या न्या: एक घरी बर्न केलेली आणि एक सत्तर मिनिटांच्या वरची छापील. लेझर थकला की बर्न केलेली सीडी आधी नाकारली जाते. लांब सीडीचं शेवटचं गाणं पूर्ण वाजवा, पहिलं नव्हे. काही जुन्या प्लेअरच्या तळाशी वाहतुकीसाठी घट्ट केलेला स्क्रू असतो. तो सोडल्याशिवाय चांगला प्लेअरही सीडी वाचत नाही, आणि 'बंद आहे' म्हणून स्वस्तात विकला जातो!

जपानहून आलेला किंवा जहाजावर नोकरी करणाऱ्या नातेवाइकाने आणलेला प्लेअर असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. काहींच्या मागे व्होल्टेज बदलायची खटकी असते, बहुतेकांच्या नसते. जपानी प्लेअरला बाजारातला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला तर दहा टक्के जास्त जातातच, आणि आपली वीज २४० च्या वर चढली की आणखी. १०० व्होल्टचाच मागा, मिळत नसेल तर बनवून देणारे आहेत. त्याची किंमत प्लेअरच्या किमतीत धरूनच भाव करा.