डेमोच्या आधी दोन आठवडे टाइम ऑफिसात: एचआरचं वर्कफ्लो सॉफ्टवेअर निवडताना

सोलापुरातल्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्यात एचआरला नव्याने लागलेल्या माणसावर हल्ली एक काम हमखास येतं. रजा, ओव्हरटाइम, भरती, राजीनामा यांचे कागद आपोआप फिरवणारं सॉफ्टवेअर बघायचं आणि दोन-तीन कंपन्यांना डेमोला बोलवायचं. डेमोची घाई करू नका. आधी दोन आठवडे टाइम ऑफिसात, म्हणजे जिथे हजेरी आणि पाळ्यांचा हिशेब ठेवतात तिथे, बसा.

तिथे मागच्या एका महिन्याचे सगळे अर्ज काढून मोजा. कोणत्या प्रकारचे किती, प्रत्येकावर किती सह्या, कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहिले, हे एक्सेलमध्ये मांडा. शेवटचा रकाना असा ठेवा: काम आधी झालं आणि कागद नंतर आला, असे किती? सगळ्यात महत्त्वाचा रकाना तोच. सॉफ्टवेअर धरून चालतं की आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम. यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या खात्यात तिसऱ्या पाळीला माणूस कमी पडला की बदली कामगाराला रात्री साडेदहाला फोन जातो, कागद दुसऱ्या दिवशी होतो. मागाहून केलेली नोंद कारणासकट आणि खऱ्या तारखेसकट घेण्याची सोय नसेल, तर सुपरवायझर आपली वेगळी वही सुरू करतात. मग महिनाअखेर वही आणि सिस्टिम जुळत नाहीत, आणि पगाराच्या दिवशी रांग एचआरच्या दारात लागते.

बाजारात ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात. पगार, हजेरी, रजा सगळं एकत्र देणारं एचआरएमएस. आहे त्या पेरोलवर, म्हणजे पगार काढायच्या सिस्टिमवर, फक्त कागदांचा प्रवास बसवणारं साधन, जसं पॉवर ऑटोमेट किंवा झोहो क्रिएटर. आणि तक्रार-विनंत्यांना तिकीट क्रमांक देणारी सेवा-डेस्क पद्धत. पेरोल बरोबर चालत असेल तर त्याला हात लावू नका. पेरोल आणि वर्कफ्लो एकाच वेळी बदलले की चूक आकड्यात आहे की मंजुरीत, हे शोधताना महिना जातो.

डेमोत विक्रेता सरळ रस्ता दाखवतो: अर्ज, मंजुरी, हिरवी खूण. तुम्ही आपली वाकडी प्रकरणं घेऊन जा आणि ती त्यांच्याकडून समोर करून घ्या.

तिसऱ्या पाळीपासून सुरुवात करा. चौदा तारखेला रात्री १०.५२ ला आत, पंधराला सकाळी ७.१० ला बाहेर. ही एकच हजेरी चौदा तारखेला पडली पाहिजे. कच्च्या सिस्टिममध्ये दोन अर्धवट दिवस दिसतात. मग दुसरी पाळी संपवून तिसरीला थांबलेला कामगार द्या, ज्याचा मधला पंच, म्हणजे हजेरी मशीनवरची नोंद, नाही. रंगखात्यात आणि मशीन शॉपमध्ये बोटांचे ठसे झिजतात, मशीन ते ओळखत नाही. म्हणून चेहरा किंवा कार्ड हा पर्याय आहे का आणि हाताने घातलेली हजेरी कोण मंजूर करतं, हेही विचारा.

वैधानिक कपातीची चार प्रकरणं पुरेशी आहेत. जुलैत पगार २०,५०० वरून २२,००० झाला आणि ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) पगारमर्यादेबाहेर गेला, तरी वर्गणी लगेच थांबत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ संपेपर्यंत ती चालते, कामगाराची ०.७५ टक्के, मालकाची ३.२५ टक्के. दुसरं, व्यवसाय कर: दहा हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे दरमहा २००, पण फेब्रुवारीत ३००, स्त्री कर्मचाऱ्याला २५,००० पर्यंत माफी. तिसरं, ५८ वर्षं पूर्ण झालेला माणूस: मालकाच्या हिश्श्यातली ८.३३ टक्के पेन्शनची रक्कम तिथून पुढे भविष्य निर्वाह निधीत वळली पाहिजे. चौथं, भत्ते निम्म्याहून जास्त असलेली पगाररचना. नव्या वेतन संहितेत भत्त्यांचा ५० टक्क्यांवरचा भाग वेतनातच धरला जातो. या चारांत गडबडणारं उत्पादन पडद्यावर कितीही देखणं दिसलं तरी घेऊ नका.

फुल अँड फायनलकडे, म्हणजे नोकरी सोडणाऱ्याच्या शेवटच्या हिशेबाकडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा किंवा बडतर्फीनंतर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं. आपल्याकडे नो-ड्यूजचा, म्हणजे काही येणं बाकी नाही असं लिहून घ्यायचा, कागद स्टोअर, कँटीन, सुरक्षा, आयटी, अकाउंट्स आणि कामगारांची पतसंस्था असा एकामागून एक फिरतो. प्रत्येक टेबलाला एक दिवस धरला तरी सहा दिवस गेले. सहाही जणांकडे एकाच वेळी विनंती जाऊन शेवटी एकत्र येणारी समांतर मंजुरी हवीच. आणखी एक खाच: पतसंस्था कंपनीच्या सिस्टिममध्ये नसते. तिच्या सचिवांना लॉगिन द्यायचं की फक्त ई-मेलच्या दुव्यावरून उत्तर घ्यायचं, हे आधी ठरवा. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ३० दिवसांची, म्हणून तिची वाट स्वतंत्र ठेवा.

मंजुरी रखडली की वरच्याकडे पाठवणारं घड्याळ नीट तपासा. ४८ तास म्हणजे घड्याळाचे की कामाचे? जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला आणि पुढे आषाढीच्या दिवसांत रजेचे अर्ज एकदम येतात आणि मंजुरी देणारेही रजेवर असतात. घड्याळाला सुट्ट्यांचं कॅलेंडर जोडलेलं नसेल तर शेकडो अर्ज थेट जनरल मॅनेजरच्या पानावर जाऊन पडतात. रजेवर जाणाऱ्याने आपला अधिकार तारखेपुरता दुसऱ्याला देण्याची सोयही त्याच बैठकीत करून दाखवायला सांगा.

सोलापुरात नावांचा प्रश्न वेगळाच आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, कन्नड आणि उर्दू नावांची इंग्रजी स्पेलिंगं आधारवर एक, बँकेत दुसरी, जुन्या मस्टरवर तिसरी. यूएएनची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या कायमच्या क्रमांकाची, केवायसी इथेच अडते. नाव एकाच रकान्यात न घेता आधारप्रमाणे नाव, बँकेप्रमाणे नाव आणि हाक मारायचं नाव असे तीन रकाने मागा. ओळख मात्र टोकन नंबर (कारखान्यातला कामगार क्रमांक) आणि यूएएनवर ठेवा. मराठी पडदा असेल तर पगारपत्रकाची पीडीएफ काढून घ्या: जोडाक्षरं तुटली किंवा ऱ्हस्व इकार भलत्या अक्षराला चिकटला तर कामगार तो कागद परत आणून देतो.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात असाल तर हंगामी कामगारांचं प्रकरण द्या. गळीत हंगामाला परत हजर होणारा माणूस जुन्याच टोकनवर आणि यूएएनवर उभा राहिला पाहिजे, नवी भरती म्हणून नव्हे. सॉफ्टवेअर बसवण्याचं काम हंगाम संपल्यावरच काढा.

खर्च माणशी दरमहा सांगतात. उदाहरणादाखल ६० रुपये धरले तर २,००० जणांचे वर्षाला १४,४०,००० होतात. ठेकेदाराचे ६०० कामगार त्यात मोजणार का, हे लेखी घ्या. मोजले तर आणखी ४,३२,०००. खरा छुपा खर्च बदलांचा असतो. मंजुरीची एक पायरी वाढवायला दर वेळी विक्रेत्याचं बिल येणार असेल तर स्वस्त दर वर्षभरात महाग पडतो. डेमोत ती पायरी तुमच्याच क्लार्ककडून बदलून घ्या.

सुरुवात रजा आणि नो-ड्यूज या दोनच कामांनी, एकाच खात्यात करा. कागद आणि सिस्टिम तीन पगार शेजारी-शेजारी चालवा, फरक रोज लिहा. सुपरवायझरला कामगाराचं वैद्यकीय प्रमाणपत्र दिसत नाही ना, हे त्याच्या लॉगिनमधून बघा.

करारावर सही होण्याआधी विक्रेत्याकडून बाहेर काढलेल्या डेटाची नमुना फाइल मागून एक्सेलमध्ये उघडा. मंजुरी कोणी दिली, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे रकाने तिच्यात नसतील तर ते येईपर्यंत सही थांबवायला साहेबांना सांगा.