‘स्लो आहे’ म्हणून थांबू नका: फँटसी मालिकांवर मत देताना या चुका टाळा

13 मे 2019, सोमवार. सकाळी साडेसहाला ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा शेवटून दुसरा भाग आला. ऑफिसला निघायच्या आत आम्ही सगळ्यांनी तो आपापल्या घरी पाहिला आणि आठच्या सुमारास ग्रुपवर मेसेज यायला लागले. ‘डेनेरिसची वाट लावली’, ‘नुसती गुंडाळागुंडाळी’, ‘आधी स्लो होती तेच बरं होतं’. राग खरा होता, माझाही होता. पण आपल्याला नेमकं काय खटकलंय, हे त्या दिवशी कुणालाच धड सांगता आलं नाही. त्यानंतर ‘द विचर’, ‘द व्हील ऑफ टाइम’, ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’, ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या मालिका पाहताना आणि त्यांवर वाद घालताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. त्यांतल्या बऱ्याच मीही केल्या आहेत. म्हणून हा लेख. यात या मालिकांमधल्या घटना आणि काहींचे शेवटही उघड सांगितले आहेत, त्यामुळे ज्यांनी त्या पाहिल्या नसतील त्यांनी आधी बघून याव्यात.

‘स्लो’ म्हणून मोकळं होणं

दैनंदिन मालिका बघत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाकडे यासाठी चांगला शब्द आहे: पाणी घालणं. पाणी घातलेलं दृश्य आणि सावकाश चालणारं दृश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘स्लो’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या पहिल्या सीझनचा पाचवा भाग आठवा. राजा रॉबर्ट आणि राणी सर्सी एका खोलीत बसून बोलतात. तलवार नाही, ड्रॅगन नाही, कुणी धावतसुद्धा नाही. समुद्र ओलांडून डोथ्राकी टोळ्या आल्या तर काय होईल, इथून बोलणं सुरू होतं आणि हळूहळू त्यांच्या फसलेल्या लग्नावर येतं. हे दृश्य मूळ पुस्तकात नाही. पहिल्या सीझनचे काही भाग लांबीला कमी पडत होते, म्हणून जी दृश्यं नव्याने लिहिली गेली त्यांतलं हे एक. म्हणजे कारण बघितलं तर ही चक्क भरती. तरीही त्याला कुणी रटाळ म्हणत नाही, कारण दृश्य सुरू होताना आपल्याला ही दोघं एकमेकांची शत्रू वाटत असतात आणि संपताना ती एकाच पराभवाची भागीदार वाटतात. आपल्या मनातलं त्यांचं नातं बदललेलं असतं.

आता ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’चा 2024 मधला दुसरा सीझन घ्या. राणी रेनिराचा नवरा डेमन हॅरनहालच्या ओसाड किल्ल्यात येतो आणि त्याला भास व्हायला लागतात. लहानपणीची रेनिरा दिसते, मेलेला भाऊ दिसतो, आई दिसते. पहिले एकदोन भास अंगावर येतात. पण प्रत्येक भासानंतर डेमन हादरतो आणि पुढच्या भागात पुन्हा होता तिथेच उभा असतो. तो खऱ्या अर्थाने बदलतो ते थेट आठव्या भागात, रेनिरासमोर गुडघे टेकताना. मधल्या काळात त्याचा गाडा रुतलेलाच राहतो. इथे तक्रार रास्त आहे, पण ती ‘सीझन स्लो आहे’ अशी नाही. त्याच सीझनमध्ये रेनिरा ड्रॅगनसाठी नवे स्वार शोधते, तो धागा सहाव्या-सातव्या भागात चांगला पळतो. चौथ्या भागातली रूक्स रेस्टची लढाई तर श्वास रोखून बघावी अशी आहे. अडकला आहे तो एका पात्राचा धागा.

दृश्य रेंगाळतंय असं वाटलं की मी एवढंच तपासते: ते संपल्यावर कुणाचा निर्णय, कुणाचं नातं किंवा मला असलेली माहिती यांपैकी काही बदललं का? यातलं काहीच बदललं नसेल आणि असं लागोपाठ तीन-चार भाग होत असेल, तर खुशाल पाणी घातलंय म्हणा.

किलोमीटर मोजत बसणं

‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सातव्या सीझनवरचा सर्वांत गाजलेला आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे. जॉन आणि त्याचे साथीदार भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात अडकतात. गेंड्री पळत ईस्टवॉचला पोचतो, तिथून निरोप घेऊन कावळा ड्रॅगनस्टोनला जातो, डेनेरिस ड्रॅगनवर बसून येते आणि तोवर ही मंडळी खडकावर तग धरून असतात. लोकांनी नकाशे काढले, कावळ्याच्या वेगाची गणितं मांडली. मी पण मांडली.

गणित चुकलं होतं हे खरंच. पण दुखणं गणिताचं नव्हतं. प्रवास छोटे झाल्यामुळे काय गेलं, ते बघायला हवं. पहिल्याच भागात राजाचा लवाजमा महिनाभराचा रस्ता तुडवून विंटरफेलला पोचतो आणि तेवढ्या एका उल्लेखाने ते राज्य केवढं मोठं आहे ते कळतं. तिसऱ्या सीझनमध्ये जेमी आणि ब्रिएन यांना किंग्ज लँडिंग गाठायला जवळजवळ सगळा सीझन लागतो. त्या वाटेवर जेमीचा हात तुटतो. त्याच वाटेवर, हॅरनहालच्या न्हाणीघरात, आपण वेड्या राजाला का मारलं ते तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतो. चौथ्या सीझनमधली आर्या आणि हाउंड यांची पायपीट अशीच. या मालिकेत माणसं बदलत ती रस्त्यावर. दरबारात ती फक्त मुखवटे चढवत. सातव्या सीझनमध्ये रस्ताच काढून टाकला आणि त्याबरोबर पात्रांची बदलण्याची जागाही गेली. जॉन आणि डेनेरिसच्या प्रेमावर अनेकांचा विश्वास बसला नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. कावळा किती वेगाने उडाला, यापेक्षा हे नुकसान फार मोठं.

‘कॅरेक्टर बिघडवलं’ या एका वाक्यात तीन तक्रारी कोंबणं

या मुद्द्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

हे वाक्य बोलताना आपण तीनपैकी एक गोष्ट म्हणत असतो. एक, पात्राने जे केलं ते मला आवडलं नाही. दोन, हे पात्र असं करणारच नाही. तीन, ते असं करू शकतं, पण तिथवर मला नेलं नाही. पहिली तक्रार आपल्या मनाची आहे, तिच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरी सिद्ध करायची तर मागचे सीझन उघडावे लागतात. तिसरी तक्रार वरकरणी पात्राची वाटते, पण ती असते गतीची.

डेनेरिसने शरण आलेलं शहर जाळलं तेव्हा बहुतेकांनी दुसरी तक्रार केली. मागे जाऊन बघा. पहिल्या सीझनमध्ये सख्ख्या भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जाताना ती डोळ्यांची पापणी न लववता बघते. चौथ्या सीझनमध्ये मीरीनच्या वाटेवर 163 मुलांना खांबांना ठोकलेलं दिसतं, तर ती शहर जिंकल्यावर 163 गुलाममालकांना तसंच ठोकते. ते मालक सगळे दोषी होते का, हे विचारत बसत नाही. सातव्यात गुडघे टेकायला नकार देणाऱ्या टार्ली बापलेकांना जाळते. आग तिच्यात पहिल्यापासून होती. फक्त ती आपल्या बाजूने लढत होती, म्हणून आपण टाळ्या वाजवत होतो.

मग त्या सकाळी एवढं फसल्यासारखं का वाटलं? कारण आठव्या सीझनच्या तिसऱ्या भागात जोराह जातो, चौथ्यात एक ड्रॅगन आणि मिसांडेई जाते, पाचव्याच्या सुरुवातीला व्हॅरिसला मृत्युदंड होतो आणि त्याच भागात शहर शरण आल्याच्या घंटा वाजतात. याच बाईला मीरीनवर राज्य करताना आपण चौथ्या ते सहाव्या सीझनपर्यंत चाचपडताना पाहिलं होतं. तिच्या चुकांना तीन सीझन दिले आणि तिच्या कोसळण्याला तीन भागही नीट दिले नाहीत. पहिले सहा सीझन प्रत्येकी दहा भागांचे होते, सातवा सात भागांचा, आठवा सहाच. एचबीओ वाहिनीची आणखी भाग करण्याची तयारी होती. कथा इतक्यातच संपवायची, हा निर्णय निर्माते बेनिऑफ आणि वाइस यांचा. मुक्काम बरोबर होता असं मी आजही म्हणेन. रस्ता खाऊन टाकला, हा माझा आक्षेप आहे आणि तो मी सोडणार नाही.

जेमीचंही तसंच. आठव्या सीझनच्या दुसऱ्या भागात तो ब्रिएनला सरदारकी बहाल करतो, ते दृश्य त्या अख्ख्या सीझनमधलं सर्वांत सुंदर. चौथ्या भागात तो तिला रडत सोडून सर्सीकडे निघतो. तो कधीच परत गेला नसता असं मला वाटत नाही. मालिकेच्या पहिल्याच भागात त्याने सर्सीपायी एका पोराला खिडकीतून ढकललेलं आहे. पण सहा सीझन चाललेली ओढाताण एका रात्रीत मिटते, तेव्हा माणूस परत गेला असं वाटत नाही, लेखकाने त्याला परत पाठवलं असं वाटतं.

गोंधळाला गतीचं नाव देणं

‘द विचर’चा पहिला सीझन डिसेंबर 2019 मध्ये आला आणि अनेकांनी दोन भागांत सोडला. ‘काही पुढेच सरकत नाही’, असं म्हणाले. खरं तर तिथे तीन वेगवेगळे काळ एकमेकांत गुंफलेले आहेत: येनेफरचा सर्वांत जुना, मग गेराल्टचा, मग सिरीचा. पहिल्या भागात राणी कॅलँथी मरते आणि चौथ्या भागात ती मेजवानीत जिवंत बसलेली दिसते. पडद्यावर साल लिहून येत नाही. प्रेक्षक अर्धा वेळ ‘हे आधीचं की नंतरचं’ यातच गुंतला, तर कथा हलत नाही असंच त्याला वाटणार.

मांडणी अवघड होती आणि तो दोष मालिकेचाच आहे. पण उपाय सोपा आहे: चौथ्या भागापर्यंत थांबा, मग पहिला पुन्हा बघा. आणि अशा मालिका बघताना हातातला फोन बाजूला ठेवा. नावं आणि घराणी सबटायटलमधून एकदाच समोरून जातात. तेवढ्यात नजर दुसरीकडे असली, तर पुढचा अर्धा तास अंधारात जातो.

काळाची उडी दिसली की सगळंच बाद करणं

आपल्याला लीप नवीन नाही. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’च्या पहिल्या सीझनमध्ये पाचव्या आणि सहाव्या भागांच्या मध्ये दहा वर्षं जातात, रेनिरा आणि ॲलिसंट यांच्या अभिनेत्रीच बदलतात. ‘कुणावर जीवच जडत नाही’ ही तक्रार तेव्हा सर्रास ऐकली. ती अर्धी बरोबर आहे. सहाव्या भागात मोठी झालेली लेना पहिल्यांदा भेटते आणि त्याच भागात आपल्याच ड्रॅगनकरवी स्वतःला जाळून घेते. तिच्यासाठी रडायला आपल्याला वेळच मिळत नाही. हार्विन स्ट्राँगही त्याच भागात संपतो.

पण त्याच उड्यांमुळे राजा व्हिसेरिसचं झिजणं दिसतं. दर उडीनंतर त्याचं शरीर थोडं आणखी गेलेलं असतं. आठव्या भागात अर्धा चेहरा गेलेला तो म्हातारा काठी टेकत दरबारभर चालत सिंहासनाकडे जातो, मुकुट घरंगळतो, डेमन तो उचलतो आणि भावाच्या डोक्यावर ठेवतो. पॅडी कॉन्सिडाइनचं ते चालणं किती तरी लांबवलंय आणि त्यातला एक सेकंदही कापावा असं वाटत नाही. तेव्हा तक्रार करायची तर कुणाला उडी सोसली आणि कुणाला नाही, ते नाव घेऊन सांगा.

पुस्तकाची फूटपट्टी, आणि पडद्यामागचं न बघणं

‘द व्हील ऑफ टाइम’च्या मूळ पुस्तकांचे मुख्य खंड 14. पहिल्या सीझनला मिळाले आठ भाग. ‘पुस्तकात असं नाही’ ही माहिती झाली, मत नव्हे. जे बदललं ते पडद्यावर चाललं का, एवढंच विचारायचं. दुसरं, पात्रातला प्रत्येक बदल लेखकाच्या माथी मारू नका. पहिल्या सीझनच्या सहाव्या भागाच्या शेवटी मॅट मित्रांना सोडून मागे राहतो. ते किती तरी जणांना भेकडपणाचं आणि तुटक लिखाण वाटलं. तो अभिनेता चित्रीकरण पूर्ण होण्याआधीच मालिका सोडून गेला होता. दुसऱ्या सीझनपासून मॅटच्या भूमिकेत डोनल फिन आला. फट दिसते, नाकारायची गरज नाही. तिचं कारण माहीत असलं की राग योग्य जागी जातो.

पात्राचा राग माणसावर काढणं

याला कसलीही सबब नाही. 2022 मध्ये ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ आली तेव्हा त्यातल्या कृष्णवर्णीय आणि इतर कलाकारांना इतक्या वर्णद्वेषी शिव्या खाव्या लागल्या की मालिकेला जाहीर निवेदन काढून त्यांच्या पाठीशी उभं राहावं लागलं. गॅलाड्रिएल हेकट वाटली, हारफुट या बुटक्या लोकांचा धागा लांबला, न्यूमेनॉर या बेटावरच्या राज्याचा भाग घाईत उरकला, हे सगळं जरूर बोला. मीही बोलते. पण कलाकाराच्या रंगावर जाणारं वाक्य मालिकेबद्दलचं मत नसतं. ग्रुपमध्ये तसं कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे थांबवा.

एका सीझनवरून कायमचा निकाल

‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला सीझन करोनाच्या खंडात सापडला आणि ते जाणवतं. म्हणून पुष्कळ जणांनी ती तिथेच सोडली. तिच्याच तिसऱ्या सीझनच्या चौथ्या भागात नायक रँड रुइडियन शहरातल्या काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि एकेका पावलागणिक आपल्या पूर्वजांचं आयुष्य मागे मागे जगत जातो. बहुतेक पूर्वज त्याच अभिनेत्याने साकारलेत. लढाई जवळजवळ नाहीच, चाल संथ, आणि तरी गेल्या काही वर्षांत फँटसीमध्ये मी पाहिलेला हा सर्वांत भरीव तास आहे. मे 2025 मध्ये मालिका बंद झाल्याचं जाहीर झालं, कथा अर्धीच राहिली. ज्यांनी पहिल्या सीझनलाच रामराम ठोकला, त्यांनी पहिल्याचा सारांश वाचून दुसऱ्यापासून बघायला घ्यावं. रुइडियनचा तो भाग मात्र रात्री, एका बैठकीत, मध्ये न थांबता बघावा.