नाताळची खरेदी आणि पंगत: बेळगावात कसं आखावं

नाताळची सगळी दगदग बहुतेक घरांत २३ आणि २४ डिसेंबर या दोन दिवसांत कोंबलेली असते. गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, मटणवाल्याकडे रांग, घरी मैदा आहे तर लोणी संपलेलं, आणि रात्री चर्चमध्ये मिस्साला (नाताळच्या प्रार्थनेला) वेळेवर पोचायचं ते वेगळंच. सामान तेवढंच राहतं, माणसंही तेवढीच. फक्त खरेदी पदार्थाच्या नावाने न करता तो किती दिवस टिकतो त्यावरून केली, तर शेवटच्या दिवशी पाव, मासळी, दही आणि कोथिंबीर एवढंच आणायचं उरतं.

यादी कशी पाडायची

कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात महिनाभर टिकणारं: सुकामेवा, मसाल्याच्या मिरच्या, विनेगर, साखर, बेकिंग पावडर, बटर पेपर. दुसऱ्यात दहा-पंधरा दिवस टिकणारं: मैदा, रवा, तूप, अंडी, खोबरं, माडाचा गूळ. तिसऱ्यात चार-पाच दिवसांचं: डुकराचं मांस, लोणी, नारळ, कांदे-बटाटे. चौथ्यात त्याच दिवशीचं. पहिला रकाना नोव्हेंबरच्या शेवटी रविवार पेठेत एका फेरीत उरकतो. घाऊक किराणा तिथेच आहे आणि त्या सुमाराला दुकानदारालाही बोलायला सवड असते. सकाळी अकराच्या आत जा. त्यानंतर हमालांच्या गाड्या आणि टेम्पो यांच्यातून पिशवी सांभाळत बाहेर पडणं हे एक कामच होऊन बसतं.

पाहुणे बाहेरगावचे असतील तर राहण्याची सोयही याच वेळी बघा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, तेव्हा शहरात लॉजची खोली मिळणं कठीण आणि मिळाली तरी महाग. कुणी अधिवेशनाच्या दिवसांतच येऊन नाताळपर्यंत राहणार असेल, तर नोव्हेंबरातच खोली सांगून ठेवलेली बरी.

गोव्याहून कुणी चोर्ला घाटाने येणार असेल तर त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवा: माडाचं विनेगर, माडाचा काळा गूळ आणि चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज). दारू मात्र सांगू नका. सीमेवरच्या नाक्यावर अबकारीची तपासणी होते आणि परवाना नसला तर बाटली जाते, वर मनस्ताप.

केक: फळं आधी, पीठ नंतर

काळे मनुके १५० ग्रॅम, बेदाणे १०० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम आणि टुटीफ्रुटी ५० ग्रॅम, असं ४०० ग्रॅम बारीक चिरून कोरड्या काचेच्या बरणीत भरा आणि १५० मिलिलिटर रम ओता. तीन-चार आठवडे मुरू द्या, आठवड्यातून एकदा बरणी हलवा. काजू यात घालायचे नाहीत, ते मऊ पडतात. रम नको असेल तर तेवढाच संत्र्याचा रस कोमट करून ओता, पण मग बरणी फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत वापरा. रसातली फळं महिनाभर बाहेर ठेवली तर फसफसतात.

केक १८ ते २० डिसेंबरच्या दरम्यान भाजावा. २५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, २०० ग्रॅम साखर, ५ अंडी, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, दालचिनी-लवंग-जायफळाची पूड मिळून एक छोटा चमचा, काजूचे तुकडे ७५ ग्रॅम आणि वरची भिजलेली फळं. रंगासाठी १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात वितळवून गडद तपकिरी होऊ द्या, मग गॅस बंद करून ८० मिलिलिटर कढत पाणी हात लांब ठेवून ओता. उसळी जोरात येते. साखर काळी पडून धूर निघाला तर ती टाकून द्या. तिचा कडवटपणा कितीही मसाला घातला तरी झाकत नाही.

बेळगावच्या डिसेंबरात खरी अडचण थंडीची. लोणी दगडासारखं असतं, अंडी गार असतात, आणि दोन्ही एकत्र केली की मिश्रण फाटल्यासारखं दाणेदार दिसतं. कारण गार अंड्याने लोणी पुन्हा गोठतं आणि पाणी वेगळं पडतं. रात्रीच लोणी बाहेर काढून ठेवा, अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. लोणी-साखर फिकट आणि हलकी होईपर्यंत फेटा, अंडी एकेक घाला. तरीही फाटलंच तर मोजलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा घालून फेटा, सावरतं. मग गार झालेला साखरेचा रंग, चाळलेला मैदा हलक्या हाताने, आणि शेवटी फळं. फळं आधी चाळणीत निथळून त्यांना दोन चमचे मैदा चोळून घ्या (हा मैदाही मोजलेल्यातलाच), नाहीतर ती तळाशी बसतात.

नऊ इंची भांड्याला बटर पेपर लावून १६० अंशांवर ७५ ते ९० मिनिटं भाजा. पहिली ४० मिनिटं ओव्हनचं दार उघडू नका. करंट गेला तरी उघडू नका; दहा-पंधरा मिनिटांत आला तर केक बचावतो, दार उघडलं तर मधे खड्डा पडतो. वरून लवकर काळपट होऊ लागला तर अर्ध्या वेळेनंतर वर फॉइल टाका. ओव्हन नसेल तर अर्ध्या प्रमाणाचा केक सहा इंची भांड्यात, मोठ्या पातेल्यात मिठाच्या थरावर तिवई ठेवून, घट्ट झाकणाखाली मंद आचेवर तासभर तरी लागतो. काडी कोरडी आली की झाला. पूर्ण गार झाल्यावर बटर पेपर आणि फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. इथली हवा या दिवसांत कोरडी असते, उघडा केक दोन दिवसांत भुगा होतो.

फराळाचं ताट

शेजारी वाटायच्या या ताटाला गोव्याकडचे लोक कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडचे कुस्वार. चार पदार्थ पुष्कळ झाले. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, त्या कुणाला शिकवायला नकोत.

कलकल मात्र घरातल्या सगळ्यांना घेऊन बसून करायचे. नाताळच्या तयारीतली खरी मजा याच संध्याकाळी असते, आणि पोरांना हे काम आवडतं. ५०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, ७५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूट मीठ, ५० ग्रॅम कडकडीत तुपाचं मोहन, आणि बेताने घालत १५० मिलिलिटर नारळाचं घट्ट दूध. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून तासभर झाका. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेने गुंडाळत उचलायची. वर रेघा उमटतात. जोड नीट दाबा. पीठ सैल असलं तर तेलात कलकल उलगडतात आणि सगळं तेल पितात. मध्यम ते मंद आचेवर सात-आठ मिनिटं तळा. मोठ्या आचेवर वरून लाल, आतून कच्चे. गार झाल्यावर दोनतारी पाकात घोळवून साखर पांढरी होईपर्यंत हलवत राहा. यात अंडं नाही, हे पुढे कामाला येतं.

पेरू या दिवसांत बाजारात भरपूर, म्हणून पेराद स्वस्तात होतं. पिकलेले आणि अर्धकच्चे पेरू निम्मे-निम्मे घ्या. नुसत्या पिकलेल्यांचा गर लवकर घट्ट होत नाही. उकडून, बिया गाळून निघालेल्या १ किलो गराला ७५० ग्रॅम साखर आणि दोन लिंबांचा रस. लांब दांड्याच्या उलथन्याने हलवा, गर उडतो आणि चटका जबर बसतो. पाऊण तासाने गोळा कडा सोडतो. तूप लावलेल्या ताटात बोटाच्या जाडीने थापा, रात्रभर सुकवून वड्या पाडा.

दोदोल, म्हणजे माडाच्या गुळाची मऊ वडी, करायचं तर दीड-दोन तास हलवायला दोन माणसं हवीत. तांदळाचं पीठ २५० ग्रॅम, माडाचा गूळ पाऊण किलो, तीन नारळांचं दूध. उसाच्या गुळाने रंगही येत नाही, चवही नाही. माडाचा गूळ मिळाला नाही तर त्याऐवजी ताटात करदंट (गूळ, डिंक आणि सुकामेव्याची वडी) ठेवा. गोकाकचं करदंट बरेच दिवस टिकतं. कुंदा ठेवायचा असेल तर २४ लाच आणा. खव्याचा आहे, ताटात चार दिवस पडून राहण्याचा पदार्थ नव्हे.

सोरपोतेल आधी, सान्ना त्याच दिवशी

सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचं विनेगर घातलेलं कालवण, नाताळच्या सकाळी करणं म्हणजे त्याची अर्धी चव घालवणं. विनेगर मांसात मुरायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून ते २२ ला करावं. डुकराचं मांस आठवडाभर आधी सांगून ठेवा: दीड किलो, चरबीसकट, आणि २०० ग्रॅम काळीज. मसाल्याला ब्याडगी मिरच्या २० आणि संकेश्वरी ४. ब्याडगी रंग देते, तिखटपणा बेताचा, संकेश्वरी झोंबते. दोन्ही आपल्या बाजारात हाताशी असताना पाकिटातली तयार पूड कशाला घ्यायची? सोबत जिरे २ छोटे चमचे, मिरी १, लवंगा ८, दोन इंच दालचिनी, लसणाचा दीड गड्डा, दोन इंच आलं, अर्धा चमचा हळद, सगळं १५० मिलिलिटर माडाच्या विनेगरात गंधासारखं वाटा. साधं पांढरं विनेगर असेल तर १०० मिलिलिटरच घ्या आणि चिमूट गूळ घाला, ते फार बोचतं.

मांस मिठाच्या पाण्यात २५ मिनिटं उकडा, गार करून हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे तुकडे करा. गरम असताना चिरलं तर चरबी चुरगळते. तुकडे त्यांच्याच चरबीत लालसर परता, बाजूला काढा, चार कांदे परता, वाटण टाकून तेल सुटेपर्यंत भाजा, मांस आणि उकडलेलं पाणी घालून ४० मिनिटं मंद शिजवा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. अॅल्युमिनियम नको, कल्हई गेलेलं पितळ तर मुळीच नको. विनेगर धातू खातं. गार झालं की लगेच फ्रीजमध्ये, आणि दिवसातून एकदा खळखळून उकळी. डुक्कर चालत नसेल तर याच मसाल्यात मटण चांगलं लागतं. कसाई गल्लीतून मांडीचं घ्या, आणि शिजायला वेळ जास्त धरा.

सान्ना, म्हणजे इडलीसारखे वाफवलेले तांदळाचे पोळे, फसतात त्या थंडीने. ५०० ग्रॅम इडलीचा तांदूळ सहा तास भिजवून एका नारळाच्या खोबऱ्यासोबत कमीत कमी पाण्यात वाटा. ताडी नसली तर एक छोटा चमचा यीस्ट, तीन मोठे चमचे साखर, चवीला मीठ. वाटताना पाणी कोमट घ्या. उबेत तासाभरात फुगणारं पीठ इथे डिसेंबरात दोन-तीन तास घेतं. बंद ओव्हनमध्ये किंवा मोठ्या डब्यात गरम पाण्याच्या वाटीसोबत भांडं ठेवा. दुप्पट झालं की ढवळू नका, वरवर डावाने उचलून वाट्या अर्ध्याच भरा आणि १५ मिनिटं वाफवा. पीठ फुगून परत बसलं असेल तर सान्ना चपट्या आणि आंबट होतात.

शेजार आणि मार्गशीर्ष

बेळगावात नाताळच्या पंगतीला निम्मे पाहुणे हिंदू, लिंगायत, जैन शेजारी असतात. काही वर्षी नाताळ मार्गशीर्षात येतो, आणि मग गुरुवार धरणाऱ्या घरांत महिनाभर मांसमच्छी वर्ज्य. आमंत्रण देतानाच विचारा, “काकू, गुरुवार धरलाय काय वो? अंडं चालतं न्हवं?” यात संकोच वाटायचं कारण नाही, ताट पुढे आल्यावर काकूंना नाही म्हणावं लागणं जास्त अवघड. त्यांच्यासाठी ताट वेगळं भरा: कलकल, नेवऱ्या, पेराद, करदंट. केक अंड्याचा असेल तर तसं आधीच सांगा. जेवणात नारळाच्या दुधातला मटार-बटाटा आणि साधा पुलाव वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने. जैन पाहुणे असतील तर बटाटा, कांदा, लसूण, आलं वगळून फक्त मटार आणि फरसबी.

बारा जणांचं माप

तांदूळ १ किलो पुरतो. सुवासासाठी बेळगाव बासमती घेतला तर त्याला पाणी आणि वेळ लांब दाण्याच्या बासमतीसारखा लावू नका, आधी वाटीभर शिजवून बघा. सोरपोतेल वर दिलं तेवढं, कोंबडीची शाकुती (भाजलेल्या खोबऱ्याच्या मसाल्यातलं कालवण) दीड किलोची, सान्ना ३० (म्हणजे वरच्याच मापाच्या), शाकाहारी भाजी दीड किलो, कोशिंबीर, केक. भात सोडून गरम पदार्थ चार. पाचवा करावासा वाटेल, करू नका. तो उरतो आणि त्यापायी सान्ना वाफवायला शेगडी मोकळी मिळत नाही.

२४ ला संध्याकाळी हलकं जेवा, शाकुतीचं वाटण करून ठेवा, सान्नाचे तांदूळ मिस्साला निघताना भिजवा. परत आल्यावर केक कापून झोपा. २५ ला सकाळी सातला पीठ वाटलं की दहापर्यंत फुगतं, अकराला पहिला घाणा वाफेवर, तेवढ्यात शाकुती शिजते. सोरपोतेल फक्त गरम करायचं.

उरलेलं सोरपोतेल दुसऱ्या दिवशी पावासोबत खा आणि त्याच्या पुढे उरलं तर लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. सान्ना फ्रीजमध्ये कडक होतात, पण पुन्हा पाच मिनिटं वाफ दिली की जमतं. भात मात्र रात्रभर बाहेर राहिला असेल तर ठेवू नका. रमचा केक डब्यात गुंडाळलेला तीन आठवडे टिकतो. संत्र्याच्या रसाचा असेल तर आठवड्याच्या आत संपवा.